दुसऱ्याच्या डोळ्यांचा चष्मा

वलगावला सासरी आल्यावर थोड्याच दिवसांत गावानं माझ्याबद्दल एक गोष्ट ठरवून टाकली, की ही सून गर्वाची आहे. पेढी नदीवर धुणं धुताना पलीकडच्या दगडावरून कुणी हसलं तर मी हसत नसे. वाटेत बाया मान हलवून पुढं जात, मी तशीच सरळ चालत राही. माझ्या थोरल्या जावेनं एकदा विचारलं, की तुझ्या माहेरी माणसाला ओळख द्यायची पद्धत नाही का. मला तिच्या बोलण्याचा अर्थच लागला नाही. ओळख द्यायची म्हणजे जवळ येऊन बोलायचं, एवढंच मला ठाऊक होतं.

मला लांबचं दिसत नव्हतं. पण ते मला तरी कुठं माहीत होतं? माझं जग जन्मापासून तसंच होतं. हातातली वस्तू लख्ख, आणि दोन हातांपलीकडचं सगळं, जात्यातून उडणाऱ्या पिठाआडून पाहावं तसं. सगळ्यांनाच असं दिसतं अशी माझी समजूत होती. माणसं मी आवाजावरून ओळखत असे, चालण्यावरून ओळखत असे, लुगड्याच्या रंगावरून ओळखत असे. पुरुषमाणसांचं मी सोपं करून ठेवलं होतं. कुणीही पुरुष येताना दिसला की पदर पुढं ओढायचा आणि बाजूला उभं राहायचं. त्यात चूक होत नसे.

ते दिवस कापसाचे होते. समुद्रापलीकडे कुठं तरी गोऱ्यांची आपसात लढाई लागली होती, आणि तिच्यामुळं आमच्या काळ्या मातीतल्या कापसाला कधी नव्हता असा भाव आला होता. ज्यांच्याकडे पूर्वी निम्म्या शेतात ज्वारी असे त्यांनी धुऱ्यापर्यंत, म्हणजे पार बांधापर्यंत, कापूस पेरला. आमच्याकडेही तेच. घरात नवी भांडी आली, नवे बैल आले, आणि निंदणीला घरच्या सुनाही शेतात उतरू लागल्या, कारण मजूर मिळत नव्हते.

निंदणीत माझी पंचाईत झाली. बाया एका ओळीत, आपापल्या वाट्याची पात धरून पुढं सरकत. वाकून पाहिलं तरी मला गवत आणि कापसाचं रोप यांत फरक करता येत नसे, म्हणून मी चवड्यांवर बसून, मान पार खाली घालून निंदत असे. तरीही माझ्या पातीत कापसाची रोपं उपटलेली सापडली. सासूला आमच्याकडे मामी म्हणतात. मामींनी ती रोपं गोळा करून माझ्यासमोर ठेवली आणि एक शब्दही न बोलता निघून गेल्या. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं. मामी फार कमी बोलत, आणि मी त्यांचा आवाज ऐकूनच त्यांचा राग-लोभ ओळखणारी. त्या गप्प असल्या की मला त्या नसल्यासारख्याच होत.

त्याच दिवसांत एका दुपारी मी शेतातून एकटी घरी निघाले होते. समोरून एक पुरुष येताना दिसला. मी नेहमीप्रमाणं पदर ओढला आणि बाभळीकडे तोंड करून उभी राहिले. तो माणूस माझ्याजवळ येऊन थांबला. मी घाबरले. मग तो हसला, आणि हसण्यावरून मला कळलं की हे आमचे घरधनी आहेत.

त्यांना आधी वाटलं मी थट्टा करते आहे. मग त्यांचं हसू थांबलं. त्यांनी मला तिथंच उभं राहायला सांगितलं, पाच-सात पावलं मागं गेले आणि विचारलं,

“माह्या हातात काय हाय?”

मला हातच दिसत नव्हता. मी म्हटलं, तुम्ही हात वर केला आहे का खाली? ते पुन्हा जवळ आले. त्यांच्या हातात पळसाची तीन पानं होती. पानं हातात धरूनच ते माझ्या पुढं घराकडे चालू लागले. मला मात्र त्या वाटेवर कळलं, की इतरांना ही पानं तिथून दिसतात. एवढं मोठं गुपित सगळ्या जगाला ठाऊक होतं आणि मलाच कुणी सांगितलं नव्हतं.

श्रावणात हे अमरावतीला गेले होते ते येताना माझ्यासाठी चष्मा घेऊन आले. त्या वेळी अमरावतीच्या बाजारात मुंबईकडचा माल धो धो येत होता. घड्याळं, छत्र्या, आरसे, काचेच्या हंड्या. कापसाचे व्यापारी, दलाल, त्यांच्यामागून आलेले फेरीवाले. एक जण गळ्यात पाटी अडकवून चष्मे विकत फिरत होता. ह्यांनी त्याला सांगितलं, बायकोला दिसत नाही. त्यानं पाटीतला एक चष्मा काढून दिला. गोल भिंगं, तारेची चौकट, आणि कानामागं बांधायला काळी दोरी. ह्यांनी विचारलं, हा तिला चालेल का? तो म्हणाला, चष्मा म्हणजे चष्मा, पहिल्यांदा थोडं गरगरतं, मग डोळा तयार होतो.

मामींना ते पसंत नव्हतं. गावात चष्मा होता तो एकट्या म्हाताऱ्या जोशीबुवांना, पोथीपुरता. तरण्याताठ्या सुनेनं चाळिशी लावून फिरायचं म्हणजे लोक काय म्हणतील, असं त्या ह्यांना म्हणाल्या. शेवटी असं ठरलं, की घरात लावावा, उंबऱ्याबाहेर लावू नये.

मी तो लावला. नाकाजवळ धरलेला ज्वारीचा दाणा बोराएवढा दिसला, आणि बाकीचं सगळं घर विरघळून गेलं. आधी निदान चुलीपाशी बसलेली जाऊ लाल रंगाची दिसे, आता लाल रंगही पसरला. मला वाटलं हेच ते गरगरणं असावं. डोळा तयार व्हायला वेळ लागत असेल. आणि ह्यांनी तो इतक्या मनानं आणला होता. रोज संध्याकाळी विचारत, आज कसं वाटलं? मी म्हणे, कालच्यापेक्षा बरं. त्या बरं म्हणण्याला काही आधार नव्हता. पण त्यांचा आवाज लगेच हलका होई, आणि तेवढ्यासाठी मी दुसऱ्या दिवशी पुन्हा दोरी बांधी.

डोकं दुखू लागलं. कपाळाच्या मधोमध, कुणी आतून खुंटी ठोकावी तसं. तांदूळ निवडताना पोटात ढवळे. मग सकाळी उलट्या सुरू झाल्या. दिवसभर चष्मा, रात्रभर डोकं, आणि सकाळी उठून पुन्हा चष्मा. जेवण जाईना. त्यातच त्या महिन्यात माझी पाळी लांबली.

लग्नाला चार पावसाळे झाले होते आणि मला मूल नव्हतं. मामींनी माझं तोंड धुताना वाकणं पाहिलं, माझी न संपलेली भाकर पाहिली, आणि त्या दिवशी पहिल्यांदा त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. मला दिवस गेले आहेत असं त्यांनी मनाशी धरलं. मलाही तेच वाटत होतं. दुसऱ्या दिवसापासून माझं पाणी भरणं बंद झालं. जाऊबाई न मागता चिंच आणून देऊ लागल्या. घरात मी चालले की माणसं वाटेतली पाटी, पाट उचलून घेत. मला वाटलं, आता माझे इथले दिवस पालटले.

कार्तिकात मामी मला कौंडण्यपूरच्या जत्रेला घेऊन गेल्या. त्यांनी रुक्मिणीला नवस बोलला होता. वर्धेच्या काठी आमची दमणी उभी केली, बैल सोडले. जत्रेत चष्मा लावायचा प्रश्नच नव्हता. तो मी घरीच ठेवला होता. तिथं मला चांगली भूक लागली. नदीवरचं वारं, गरम भाकरी, वांग्याची भाजी. मी पोटभर जेवले, झोपले, आणि सकाळी उलटी झाली नाही. मामी म्हणाल्या, देवीची कृपा. आणि ज्या सकाळी ओटी घेऊन देवळात जायचं, त्याच सकाळी मला पाळी आली.

मी दमणीच्या मागं जाऊन बसले. मामी ओटीचं ताट घेऊन मला शोधत आल्या. मी काही बोलायच्या आधीच त्यांना कळलं. ताट त्यांनी गाडीत ठेवलं. त्या माझ्या बाजूला, पण बऱ्याच अंतरावर, जमिनीवर बसल्या. त्यांचं तोंड मला दिसत नव्हतं. रडत होत्या, का रागानं बसल्या होत्या, का नुसत्या नदी पाहत होत्या, ते मला आजही सांगता येणार नाही. त्या सकाळी मला माझ्या डोळ्यांचं जितकं वाईट वाटलं तितकं कधीच वाटलं नाही.

घरी आल्यावर माझी चिंच बंद झाली, पाणी भरणं सुरू झालं. कुणी टाकून बोललं नाही. ह्यांनी मला सांगितलं, की असं होतं, मनाला लावून घेऊ नको. आणि मी पुन्हा चष्मा लावला, कारण आता तरी डोळा तयार व्हावा असं मला वाटत होतं.

मी सूप घेऊन तूर पाखडत होते. थोड्याच वेळात पोटात ढवळलं आणि मी सूप टाकून मोरीकडे धावले. परत आले तर मामी माझ्या जागी उभ्या होत्या. त्यांनी विचारलं, की जत्रेत तुला एकदाही ओकारी आली नाही, आणि घरात पाय ठेवताच कशी आली? मी म्हटलं, माहीत नाही. त्यांनी पुन्हा विचारलं, तिथं तू हे डोळ्याला बांधलं होतंस का? मी म्हटलं, नाही.

मामींनी हात पुढं केला. मी चष्मा काढून दिला. त्यांनी तो उलटसुलट करून पाहिला, आणि मग, बहुधा त्यात काय एवढं गरगरतं ते पाहावं म्हणून, स्वतःच्या डोळ्यांवर धरला. सूप जमिनीवर पडलं होतं. त्या खाली वाकल्या. बराच वेळ वाकलेल्याच राहिल्या. मग त्यांनी सुपातला एक खडा उचलला, पाहिला, बाजूला ठेवला. दुसरा उचलला. मग भिंतीतल्या कोनाड्यातून सुई काढून आणली आणि माझ्यासमोर बसून पहिल्याच खेपेला तिच्यात दोरा ओवला. कितीतरी वर्षं घरातली सुई आम्ही सुना ओवून देत होतो.

“चष्मा वाईट नाई,” मामी म्हणाल्या. “हा तुह्या डोयाचा नाई. माह्या डोयाचा हाय.”

एवढी साधी गोष्ट आमच्या कुणाच्या लक्षात आली नव्हती. जोडा दुसऱ्याच्या पायातला घालून पाहिला तर लगेच चावतो, म्हणून माणूस तो काढून टाकतो. चष्म्याचं आम्ही औषधासारखं समजलो होतो. कडू लागलं तरी घ्यायचं, गुण येईल. आणि तो देणारा म्हणाला होता, की डोळा तयार होतो. डोळा तयार झाला नाही. माझी भूक गेली, डोकं गेलं, आणि मामींच्या पदरात एक आशा पडून निघून गेली.

चष्मा मामींकडे राहिला. त्यांनी तो घरातच वापरला, पण आल्यागेल्या लोकांसमोरही वापरला. आणि त्या हिवाळ्यात, कापूस वेचणीच्या धांदलीत, त्यांनी ह्यांच्यामागं टुमणं लावलं, की हिच्या डोळ्यांचा चष्मा शोध. ह्यांनी अमरावतीत तपास केला. तो फेरीवाला पुन्हा दिसला नाही, आणि जे दुकानदार चष्मे ठेवत ते सगळे म्हाताऱ्यांचेच ठेवत. मग मामींच्या भावाकडून अकोल्याहून निरोप आला. तिथवर आगगाडी आली होती, आणि रुळांच्या कामावरच्या साहेबांसाठी मुंबईचा एक भिंगवाला स्टेशनाजवळ खोली घेऊन बसला होता. लांबचं न दिसणाऱ्यांची भिंगंही त्याच्याकडे होती.

कापसाचा भाव तोवर उतरायला लागला होता. लढाई संपत आल्याच्या बातम्या येत होत्या. घरात हात आखडता घ्यायचं बोलणं सुरू झालं होतं, आणि सासरे म्हणालेही, की आंधळी तर नाही ना ती, चाललं आहे तसं चालू द्या. मामींनी ते ऐकून घेतलं. पण आमच्या बैलबंड्या कापूस घेऊन अकोल्याला निघाल्या तेव्हा मागच्या दमणीत मामी बसल्या आणि मलाही बसवलं.

तो भिंगवाला मध्यम वयाचा, लांब अंगरख्यातला माणूस होता. हिंदी-मराठी मिसळून बोलत होता. खेड्यातली बाई आली आहे हे पाहून तो संकोचला. साहेबांचं डोकं धरून तो भिंगं बदलत असे, इथं ते कसं करायचं? मामींनी वाट काढली. त्या म्हणाल्या, तू माझ्या हातात दे, मी तिच्या डोळ्यावर ठेवते. तो दारात आमच्याकडे पाठ करून बसला आणि एकेक भिंग मागं देत राहिला. मला त्यानं रस्त्यापलीकडच्या एका देवळाचा कळस पाहायला सांगितलं. मला देऊळच दिसत नव्हतं.

मामी भिंग धरत आणि विचारत, आता? मी म्हणे, नाही. आता? थोडं. मग तो पाठमोराच विचारी, पहिल्यापेक्षा बरं का? आणि मामी मला विचारत. असं आधी एका डोळ्याचं झालं, मग दुसऱ्याचं. उजव्या डोळ्याला एक भिंग असं लागलं, की देवळाला एकदम कड आली. भिंतीवर कुणी कोळशानं रेघ ओढावी तशी. मी नुसता श्वास घेतला, आणि मामी त्याला म्हणाल्या, हे ठेव बाजूला.

डावा डोळा अवघड निघाला. त्याच्या पेटीतलं सगळ्यात भारी भिंग लावलं तरी कळस पुसटच राहिला. तो म्हणाला, डावा डोळा जास्त कमजोर आहे, याच्यापेक्षा भारी भिंग मुंबईहून मागवावं लागेल. तोवर दोन्हीकडे सारखंच बसवून देतो, चालून जाईल. हे दारात उभे होते. गाड्या रिकाम्या झाल्या होत्या, परत निघायची घाई होती. ते म्हणाले, तसंच द्या.

मामी उठल्या आणि त्यांनी हातातलं भिंग त्या माणसाच्या पेटीत ठेवलं.

“एकडाव चालवून पाह्यलं,” त्या ह्यांना म्हणाल्या. “आता चालवून नाई घ्याचं. तू जाय. आमी राह्यतो.”

हे गाड्या घेऊन वलगावला गेले. आम्ही दोघी अकोल्याला मामींच्या माहेरी राहिलो. भिंग मुंबईहून यायला किती दिवस लागतील ते कुणालाच सांगता येत नव्हतं. त्या रिकाम्या दिवसांत मामी माझ्याशी बोलल्या. दुपारी माडीवर वाळवण राखत बसलो असताना त्यांनी सांगितलं, की माझ्या थोरल्या दिरांच्या आधी त्यांची दोन मुलं गेली होती, आणि त्याही आधी काही वर्षं मूलच नव्हतं. वलगावातल्या बाया त्यांना काय काय म्हणत ते सांगितलं. कौंडण्यपूरला त्या माझ्यावर रागावल्या नव्हत्या. त्यांना स्वतःची आठवण झाली होती. मी त्यांना म्हटलं, मला तुमचं तोंड दिसत नव्हतं, म्हणून मला वाटलं तुम्ही रागावलात. त्यांनी वाळवणावरून हात फिरवला. मग म्हणाल्या,

“मले वाटे तूच माह्याकडे पाह्यत नाईस.”

भिंग आलं तेव्हा उन्हं तापू लागली होती. भिंगवाल्यानं चष्मा घडवून ठेवला होता, पण चौकट साहेबाच्या नाकाची. माझ्या नाकावर ती घसरून खाली येई, आणि भिंगाच्या वरच्या कडेतून पाहावं लागे. तेवढ्यानंही पुन्हा डोकं गरगरलं. त्यानं ती परत घेतली, मधली तार चिमट्यानं वाकवली, नाकाला टोचू नये म्हणून तिच्यावर रेशमाचा दोरा गुंडाळला, दोरी आखूड केली. पुन्हा लावून पाहिलं. पुन्हा वाकवली. तो काही फार आनंदानं हे करत होता असं नाही. बाहेर दुसरी गिऱ्हाइकं थांबली होती. पण मामी तिथून हलत नव्हत्या, आणि त्यालाही आता ते काम नीट व्हावं असं वाटू लागलं असावं. शेवटी भिंगं बरोबर बुबुळांसमोर बसली.

मी देवळाकडे पाहिलं नाही. चष्मा बसवून मामी मागं सरकल्या होत्या, खोलीच्या दुसऱ्या टोकाला, भिंतीला टेकून उभ्या होत्या. मी त्यांच्याकडे पाहिलं. सावळा, लांबट चेहरा, कपाळावर आडवं कुंकू, डोळ्यांच्या कोपऱ्यांना बारीक सुरकुत्या. आणि त्या हसत होत्या. आवाज न करता, नुसत्या ओठांनी आणि डोळ्यांनी. चार वर्षं मी त्यांच्या घरात होते आणि माझी पक्की समजूत होती, की ही बाई कधी हसत नाही. त्या तशाच हसत असत, नेहमीच. माझ्यापर्यंत ते पोचतच नव्हतं.

मला रडू आलं आणि भिंगांवर पाणी आलं. भिंगवाल्यानं पाठमोऱ्यानंच विचारलं, काय झालं, टोचतं आहे का? मामींनी त्याला सांगितलं, की नाही, बरोबर बसलं आहे.

परतीच्या वाटेवर मी मामींच्या भावानं दिलेल्या दमणीच्या मागच्या बाजूला तोंड काढून बसले. आम्ही कापसाच्या मुलखातून चाललो होतो. वेचून संपलेल्या पऱ्हाट्या, त्यांच्यावर अडकून राहिलेले कापसाचे पुंजके, धुऱ्यावर बसलेले बगळे. हे सगळं होतंच. मला नवल वाटलं ते माणसांचं. गाडीवान समोरून येणाऱ्या गाडीवानाकडे पाहून भुवई उचले, तो मान वाकडी करी, आणि दोघं पुढं जात. एक शब्द नाही, पण विचारपूस झालेली. घरी आल्यावर तर मला कळलं, की अर्धं घर या न बोललेल्या बोलण्यावर चालतं. सासरे जेवताना नुसतं वर पाहत आणि जाऊबाई भाजी वाढत. मामी डोळ्यांनी सांगत, पाहुणा आहे, दूध काढ. हे अंगणातून आत येताना आधी माझ्याकडे पाहत, मग चपला काढत. रोज पाहत असतील. चार वर्षं त्यांना उत्तर मिळालं नव्हतं.

सगळंच गोड होतं असं मात्र नाही. माझ्या पाठीमागं होणारी तोंडं आता मला समोर दिसू लागली. जाऊबाई मामींशी बोलताना माझ्याकडे पाहून ओठ मुरडत. पूर्वी मला त्या फक्त लाल रंगाच्या आणि गोड आवाजाच्या वाटत. पहिल्यांदा ते पाहिलं त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. मी मामींना काही सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी जाऊबाईंनी तसं केलं तेव्हा मी त्यांच्याकडे सरळ पाहत राहिले. त्या दचकल्या. पुढं हळूहळू ते बंद झालं, आणि बऱ्याच वर्षांनी त्या आणि मी चांगल्या मैत्रिणी झालो.

नदीवर बाया हसल्या. डोळ्याला जनावराच्या झापडासारखं काय बांधलं आहे, असं एकीनं विचारलं. उंबऱ्याबाहेर लावायचा नाही हा मामींचाच नियम होता, आणि तो मोडायला त्याच माझ्याबरोबर आल्या होत्या. त्यांनी त्या बाईला शांतपणं सांगितलं, की हिला तू आजवर दिसली नव्हतीस, आता दिसते आहेस, तेव्हा नीट बोल. त्या दिवशी मी धुणं संपवून उठले आणि पलीकडच्या दगडावरची एक बाई माझ्याकडे पाहून हसली. मी हसले. एवढंच. पण घरी येईपर्यंत माझे पाय जमिनीवर नव्हते.

मूल मला पुढं तीन वर्षांनी झालं, त्याचा आणि चष्म्याचा काही संबंध नाही. आधी मुलगा, मग मुलगी. मुलगी चालू लागली तेव्हाच मला दिसलं, की ती भांड्यापाशी जाऊन, नाक टेकवून आत पाहते. घरातले म्हणाले, तुझा जुना चष्मा तिला दे, तिचेही डोळे तुझ्यावर गेले आहेत. एव्हाना माझी भिंगं एकदा बदलून झाली होती आणि जुनी पेटीत पडून होती. मी नाही म्हटलं. मोठी होत जाईल तसे तिचे डोळे तिचेच होत जातील, माझे नाहीत. ती थोडी मोठी झाल्यावर आगगाडीनं तिला घेऊन मी अकोल्याला गेले आणि तिचा चष्मा तिच्या डोळ्यांना लावून घेतला. नाकावर बसेपर्यंत तीन वेळा चौकट परत केली. दर दोन-तीन वर्षांनी पुन्हा नेलं. तिच्याबरोबर बसून मीही अक्षरं शिकले, म्हणून हे लिहू शकते.

तिचं लग्नाचं वय झालं तेव्हा नातेवाइकांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, की पाहायला येतील तेव्हा मुलीचा चष्मा काढून ठेवा. लग्न लागू द्या, मग हवं तर लावू द्या. एक घर चष्म्यावरून परत गेलंही होतं. मामी तेव्हा थकल्या होत्या, अंथरुणावरच असत. मी त्यांना विचारायला गेले. त्या म्हणाल्या, ते तिला विचार.

दुसरं घर पाहायला आलं तेव्हा मुलगी आतल्या खोलीत तयार होऊन बसली होती. चष्मा हातात धरून. तिनं विचारलं, काढून ठेवू का? मी तिच्याजवळ बसले. मी म्हटलं, बाहेर बसलेली माणसं तुला पाहायला आली आहेत. ते तर पाहतीलच.

“तूही त्याले पाह्य,” मी म्हटलं. “घाई करू नको. नीट पाह्य.”

तिनं चष्मा लावला आणि पानाचं तबक घेऊन बाहेर गेली. मी दाराआडून पाहत होते. तिनं तबक ठेवलं, मान वर केली, आणि मुलाकडे सरळ पाहिलं. तो बावरला. त्याची आई हसू दाबू लागली. आत आल्यावर मी तिला विचारलं, पाहिलास?

ती म्हणाली, “पाह्यला. त्याचे कान मोठे हायत.” मग थोडा विचार करून म्हणाली, “पण चालते.”